दक्षिणेचं आखूड गवत

"द विल्डबीस्ट हॅज नो होम," असं माझ्या नातीनं लॅपटॉपवरून मोठ्यानं वाचलं आणि माझं डोकं फिरलं. मी गॅसवर भरताचं वांगं भाजत होते. ते तसंच ठेवून हॉलमध्ये आले.

"काय म्हणालीस?"

"नो होम, आजी. दे जस्ट वॉक अँड वॉक. ऑल्वेज लुकिंग फॉर ग्रीनर ग्रास."

"कुणी सांगितलं तुला?"

"एव्हरीबडी नोज, लाह."

सिंगापूरच्या शाळेतलं ते शेपटीचं 'लाह' एकवेळ चालेल, पण हे 'एव्हरीबडी नोज' मला अजिबात सहन होत नाही. भुसावळच्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला. गवताळ प्रदेशांचा धडा दरवर्षी यायचा आणि पुस्तकात त्याची बोळवण दोन पानांत केलेली असायची. उंच गवत, विरळ झाडं, शाकाहारी प्राण्यांचे कळप, खाली स्वाध्याय. मला ते पुरायचं नाही. ग्रंथालयातून, रद्दीच्या दुकानातून, सापडेल तिथून मी आफ्रिकेवरचं काही ना काही गोळा करायचे. आफ्रिका मी पाहिलेली नाही. पण शिकवणारीच्याच डोळ्यांपुढे तो माळ नसेल तर पोरांच्या डोळ्यांपुढे कुठून येणार, असं मला वाटायचं आणि अजूनही वाटतं.

म्हणून मी नातीच्या शेजारी बसले आणि तिच्या नकाशावर बोट ठेवलं. विल्डबीस्ट म्हणजे धड गाय नाही, धड घोडा नाही असं दाढीवालं जनावर. दिसायला बावळट, पण वाट पक्की. वर्षाच्या सुरुवातीला हे लाखोंचे कळप दक्षिणेकडच्या आखूड गवताच्या माळावर असतात. माद्या तिथेच वितात, सगळ्या जवळजवळ एकाच वेळी, म्हणजे सिंह-तरसांनी कितीही खाल्ली तरी पिल्लं उरतात. पावसाळा सरून माळ वाळला की कळप वायव्येला सरकतात, मग उत्तरेला, नदी ओलांडून. वर्षअखेरी दक्षिणेकडे पुन्हा ढग जमले की सगळे माघारी फिरतात. झेब्रेही सोबत असतात. टीव्हीवाले त्यातली फक्त नदी दाखवतात, कारण नदीत मगरी आहेत आणि लोकांना सोफ्यावर बसून कुणीतरी मरताना बघायला आवडतं.

"मग आता सांग," मी म्हटलं, "उत्तरेला गवत उंच, हिरवंगार. नदीला पाणी. मग परत त्या आखूड गवताकडे कशाला जातात?"

हा प्रश्न मी वर्गात दरवर्षी विचारायचे. पोरं म्हणायची, बाई, त्यांना सवय असते. नात म्हणाली, "मेबी दे आर स्टुपिड?"

"स्टुपिड नाहीत. त्या माळाच्या मातीत ज्वालामुखीची राख आहे. त्यातले क्षार गवतात उतरतात. विणाऱ्या मादीला, पाजणाऱ्या मादीला ते लागतात. उंच गवतानं पोट भरतं, पण दुधाला ते पुरत नाही. ती स्लाइड खोड."

"बट आजी, टीचर सेज कीप इट सिंपल."

"आधी खरं लिही. मग सिंपल कर."

तोवर वांग्याचा कोळसा झाला होता आणि सून ऑफिसच्या कॉलवरून उठून खिडक्या उघडत होती. मी सॉरीबिरी काही म्हटलं नाही. दुसरं वांगं घेतलं.

मी एका स्लाइडवर एवढी का चिडले, ते भाकरी थापताना माझ्या ध्यानात आलं. हेच वाक्य मी त्याच आठवड्यात ऐकलं होतं, मुलाच्या तोंडून. जेवता जेवता तो सहज म्हणाला होता, "तुझं तरी आता एक घर असं कुठे राहिलंय, आई? तू तर सारखी फिरतीवर." मी तेव्हा हसले होते. त्याचं ताट वाढत होते ना, हातात पळी असली की बाई हसते.

माझी फिरती कशी, तेही सांगते. माझे यजमान रेल्वेत होते, ते जाऊन काही वर्षं झाली. मुलगा इथे सिंगापूरला यिशुनमध्ये राहतो, इंजिनीयर आहे. मुलगी बंगळुरात. दोघांनी माझे महिने वाटून घेतलेत. पाऊसकाळात मुलीकडे, कारण तिचं बाळ लहान. दिवाळी झाली की इथे, कारण नातीला शाळेची मोठी सुट्टी लागते, मग नवीन वर्ग सुरू होतो आणि कामवाली बाई तिच्या गावाला जाते. कुणाला कधी माझी गरज, ते दोघं फोनवर ठरवतात आणि मग मला कळवतात. उन्हाळ्याचे दोन महिने मात्र मी भुसावळला माझ्या घरी असते. त्यांच्या लेखी तो मधला थांबा आहे. गाव जंक्शनचं आहे, तेव्हा आईनं गाडी बदलायला तिथे उतरावं, इतकंच.

"त्या भट्टीत कशाला जातेस?" हे मुलाचं दरवर्षीचं पालुपद. भुसावळचा उन्हाळा मलाही ठाऊक आहे. दुपारी बारानंतर कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. पण एप्रिलात जयंती असते. आमच्या कॉलनीच्या विहारात एक अभ्यासिका आहे, माझ्या यजमानांनी आणि त्यांच्या चार मित्रांनी सुरू केलेली. तिची एक अख्खी भिंत म्हणजे जगाचा नकाशा. जयंतीच्या आधी विहाराला दरवर्षी नवा रंग लागतो, तो नकाशावरही फिरतो, आणि मग मी नकाशा पुन्हा काढते. असं पहिल्या वर्षापासून चालत आलंय. नकाशा तेवढा सोडून बाकी रंगवा, असं कुणी म्हणत नाही आणि मीही म्हणू देत नाही. कारण मी काढत असते तेव्हा कॉलनीतली पोरं मागे जमतात, हा देश कुठला, ही नदी कुठली विचारत राहतात, आणि वर्षभराचा भूगोल त्या आठवड्यात होऊन जातो. पूर्वी जमीन मी रंगवायची आणि समुद्र यजमान. निळ्या रंगाचा हात त्यांचा सरळ चालायचा. आता दोन्ही मीच करते आणि हिंदी महासागर दरवर्षी थोडा ओघळतो.

या वर्षी मुलानं मी न सांगता एप्रिलचं तिकीट काढलं. वर म्हणाला, "मीही येतोय." वडील गेल्यापासून तो भुसावळला आला नव्हता. मला काय वाटलं ते काय सांगू? मी हौगांगच्या एका दुकानातून नकाशासाठी चांगले ब्रश आणले. खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, रोज माझ्याशेजारी एक चिनी आजी बसते. तिला मराठी येत नाही, मला चिनी येत नाही. तिलासुद्धा मी हातवारे करून सांगितलं की मुलगा येतोय, माझ्यासोबत, घरी. तिनं दोन्ही अंगठे वर केले.

वांगं जळालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी माझ्या शेजारणीचा व्हिडिओ कॉल आला. ही माझी भुसावळची शेजारीण, भिंतीला भिंत लागून आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. ती माझ्या स्वयंपाकघरात उभी होती. मागे माझा ओटा दिसत होता.

"बाई, भांड्यांचं काय करू?" ती म्हणाली. "त्या लोकांना घर रिकामं हवंय म्हणे."

"कुठल्या लोकांना?"

"बघून गेले ते. दोनदा येऊन गेले. त्यांना पसंत आहे."

मी फोन डोळ्यांजवळ घेतला, तसा तिचा चेहरा उतरला. "अगं, तुझ्या मुलानंच एजंट पाठवला ना? किल्ली दे म्हणून त्याचाच फोन आला. मी दिली. तुला... तुला ठाऊक नव्हतं?"

तिच्यावर मी चिडले नाही. आमच्याकडे बाहेरगावी जाताना किल्ली शेजारी ठेवायची रीतच आहे. ती आठवड्यातून एकदा दार उघडते, नळ सोडते, मोगऱ्याला पाणी घालते. किल्ली कुणी मागितली तर कशाला, असं विचारायचं नसतं. आणि मुलगा मागतोय म्हणजे आईच मागतेय, असं तिनं धरलं. आमच्या कॉलनीत कुणीही असंच धरलं असतं. तो हे जाणून होता. त्याच ओट्यावर बसून शेजारणीच्या हातचं खाऊन वाढलाय तो. त्यानं माझ्या कपाटाचं कुलूप फोडलं असतं तर मला कमी लागलं असतं.

"विहाराची भिंत पांढरी करून ठेवलीय," ती हळूच म्हणाली. "पोरं विचारतात, बाई कधी येणार."

"मी येतेय," मी म्हटलं. "ती किल्ली एजंटकडून आजच्या आज परत घे. आणि यापुढे मागायला कुणी आलं, अगदी माझ्या पोटचा आला, तरी देऊ नकोस."

मग मी मुलाला न विचारता सुनेला विचारलं. तिला खोटं बोलता येत नाही, हा तिचा गुण. घर विकायच्या व्यवहाराची तारीख ठरली होती. घर माझ्या नावावर, म्हणून सहीला मी हवी होते. त्यासाठी तिकीट. आणि परतीचंही तिकीट काढलेलं होतं, चौथ्या दिवसाचं, दोघांचं. जयंतीच्या आधीचं.

मी खिडकीशी जाऊन बसले. खाली गवत कापणारी माणसं आली होती, पाठीला मशिन बांधून, तोंडाला फडकं बांधून. इथे गवत घोट्याच्या वर येऊच देत नाहीत. वर्षभर पाऊस, वर्षभर हिरवं, आणि खाणारं एकही जनावर नाही. इथे ऋतूच नाही. निघायची वेळ झाली हे आभाळाकडे बघून कुणाला कळणार? कॅलेंडर सांगेल तेव्हा निघायचं आणि मुलगा सांगेल तेव्हा.

बसल्या बसल्या मला वर्गात शिकवलेली आणखी एक गोष्ट आठवली. आफ्रिकेच्या दुसऱ्या एका भागात माणसांनी कळपांच्या वाटेवर कुंपणं घातली, तारेची, मैलोन्‌मैल. गुरांना रोग होऊ नये म्हणून घातली, हेतू चांगलाच होता. दुष्काळ पडला तेव्हा जनावरं पाण्याकडे निघाली आणि कुंपणाशी येऊन अडली. वळून दुसरीकडे जाणं त्यांना सुचलं नाही. तारेला लागूनच मेली. हे सांगताना माझा आवाज दरवर्षी चढायचा आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची. चांगल्या हेतूनं घातलेल्या कुंपणाचा मला तेव्हापासून राग आहे.

मुलगा संध्याकाळी आला. त्याला मी आधी जेवू घातलं, उपाशी माणसाशी मी भांडत नाही. हात धुऊन आला तशी म्हटलं, "घर बघायला आलेल्या लोकांना माझी भांडी नकोत म्हणे."

त्यानं बायकोकडे बघितलं. ती ताटं उचलायला लागली.

"आई, मी सांगणारच होतो."

"कधी? सही करताना?"

"तिथे गेल्यावर. शांतपणे."

"म्हणजे मी ब्रश घेऊन येणार, आणि तू मला ऑफिसात नेऊन बसवणार. आणि चौथ्या दिवशी परत. मी सगळ्यांना सांगत सुटले की मुलगा घरी येतोय. तू घरी येत नव्हतास, तू घर मोडायला येत होतास."

"वर्षातले दहा महिने ते बंद असतं," तो म्हणाला. त्याचाही आवाज चढला. "प्लास्टर पडतंय. तिथे आहे काय आता? तूच सांग. इथे सगळं आहे. लिफ्ट आहे, खाली क्लिनिक आहे, एसी आहे. तुला त्या उन्हात एकटीला काय झालं तर?"

"काय होईल? मरेन."

"तेच!" तो ओरडला. नात तिच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "तेच म्हणतोय मी. बाबा गेले तेव्हा मी चांगी एअरपोर्टवरून मिळेल त्या फ्लाइटनं निघालो. मुंबईहून गाडी करून आलो. आणि तुम्ही सगळं उरकून बसला होतात. ऊन फार आहे, थांबता येत नाही, म्हणे. ऊन! मी बाबांचं तोंड नाही बघितलं. तुझ्या वेळी मला पोचायचंय, आई. एवढंच."

खरं होतं ते. मे महिना होता. कॉलनीतल्या वडीलधाऱ्यांनी जे ठरवलं त्याला त्या उन्हात दुसरा इलाज नव्हता. दरवर्षीचं त्याचं ते 'भट्टी भट्टी' कुठून येत होतं, ते मला त्या क्षणी लख्ख कळलं. उठून त्याला जवळ घ्यावं असंही वाटलं. पण राग त्याहून मोठा होता आणि तो आधी बाहेर आला.

"तुला पोचता यावं म्हणून मी इथे येऊन मरू?"

सून सिंकपाशी नळ तसाच सोडून उभी राहिली.

"तुला पोचायचंच असेल तर मी जिवंत असताना पोच," मी म्हटलं. "एप्रिलात पोच. मी सही करणार नाही. ते घर मला कशाला हवंय, ते तुला पटायची गरज नाही. मी इथे स्वयंपाक करते, तिकडे बाळ सांभाळते, तुम्हा दोघांना माझं जे लागतं ते मी देते. ते देण्याची ताकद मला कुठून येते, हे तुम्ही कधी विचारलंत? त्या भट्टीतून येते. दोन महिने मी तिथे कुणाची आई नसते, आजी नसते. बाई असते. पोरं मला बाई म्हणून हाक मारतात."

एवढं बोलून मी आत गेले. मागून नात आली आणि माझ्या पलंगाच्या कडेला बसली. बराच वेळ नखं कुरतडून म्हणाली, "आजी, यू व्हेरी फिअर्स."

"आहेच," मी म्हटलं, आणि तारेच्या कुंपणांची ती गोष्ट तिला सांगितली.

त्यानंतर मुलगा माझ्याशी नीट बोलेना. मीही बोलले नाही. सकाळी डबा भरून द्यायचे, तो घ्यायचा, निघायचा. या काळात त्यानं फोनवर बहिणीला माझी समजूत घालायला सांगितलं असावं, कारण तिचा फोन आला. "आई, दादाचंही ऐक ना जरा," एवढंच तिनं म्हटलं आणि मी तिलाही ऐकवलं. तिचा काही दोष नव्हता. पण माझे महिने वाटून घेताना तीही होतीच की.

शनिवारी दुपारी नातीनं सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. तिला प्रेझेंटेशनची तालीम करायची होती. बाहेर आभाळ अंधारून आलं होतं, इथे दुपारी येतं तसं. ती उभी राहून घडाघडा बोलत होती. झेब्रा, मगरी, नदी. मग नकाशा आला. उत्तरेकडे जाणारा बाण तिनं हिरवा केला होता आणि खाली दक्षिणेकडे येणारा लाल, चांगला जाडजूड. "नो होम"ची ओळ गेली होती. तिच्या जागी लिहिलं होतं, "द विल्डबीस्ट हॅज अ व्हेरी बिग होम." हे मी सांगितलेलं नव्हतं, आणि तंतोतंत बरोबरही नव्हतं. पण मी टोकलं नाही.

"अँड देन दे गो बॅक टु द शॉर्ट ग्रास," ती म्हणाली. "इट लुक्स लाइक नथिंग देअर. बट द मदर्स नीड इट फॉर द मिल्क. सो यू कॅनॉट पुट फेन्स."

तिनं बापाकडे बघितलं. "क्वेश्चन्स?"

तो सोफ्यावर पुढे वाकून बसला होता, कोपरं गुडघ्यांवर टेकवून. त्याचे बाबा गाडीची वाट बघताना अगदी तसेच बसायचे. त्यानं नकाशावरचा तो लाल बाण निरखून बघितला. मग मान न वळवता मला म्हणाला, "एजंटला नाही म्हणून सांगितलंय."

"बरं."

"मी आलो तर चालेल? तसंच. जयंतीला."

"ये. समुद्राला माणूस नाहीये," मी म्हटलं. माझा राग गेला नव्हता. अजूनही पुरता गेलेला नाही. किल्लीची गोष्ट आठवली की आजही तो वर येतो.

त्यानं फोन काढला. तिकिटाचं पान उघडलं. त्याचं परतीचं जयंतीनंतरच्या रविवारी केलं आणि माझ्या नावापाशी येऊन थांबला.

"तुझं कधीचं करू?"

"करू नकोस."

"म्हणजे?"

"तिकडे पाऊस पडला की मी कळवीन. मग काढ, जिकडचं लागेल तिकडचं."

तेवढ्यात बाहेर तो कोसळायला लागला. यिशुनचा पाऊस, समोरचा ब्लॉक दिसेनासा करणारा. सून खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घातलेले कपडे आत ओढायला धावली. मुलानं खिडकीकडे बघितलं आणि कितीतरी दिवसांनी किंचित हसून म्हणाला, "पडतोय की."

"हा नव्हे," मी म्हटलं.